कोर्स परदेशी, पेशंट कुठले?

प्रश्न : मी ३२ वर्षांची, बी.फार्म. सांगलीजवळच्या एका दीडशे खाटांच्या खासगी हॉस्पिटलच्या फार्मसीत सात वर्षं नोकरी करते. तीन शिफ्ट असतात. वॉर्डचे इंडेंट (औषधांच्या मागण्या) काढायचे, बिलं, परत आलेली औषधं, एक्स्पायरी, एच-१ यादीतल्या नियंत्रित औषधांचं रजिस्टर, यात दिवस संपतो. डॉक्टरांच्या लेखी मी अजून ‘मेडिकलमधल्या मॅडम’च आहे. मला क्लिनिकल फार्मसी, म्हणजे वॉर्डात जाऊन पेशंटच्या औषधांवर लक्ष ठेवायचं काम, शिकायची खूप इच्छा आहे. एका ब्रिटिश विद्यापीठाचा ‘ॲडव्हान्स्ड क्लिनिकल फार्मसी’चा ऑनलाइन मास्टर्स सापडलाय. तीन वर्षांचा, सगळं धरून आठ लाखांच्या घरात जातो. एजंटचा रोज फोन येतो. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे आणि ही डिग्री झाली की तिकडे रजिस्ट्रेशन सोपं जातं, असं तो सांगतो. मिस्टर म्हणतात, दागिने ठेवू. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘आता या वयात काय शाळेत जायचंय?’ कोर्स करू का? केला तर शिफ्ट सांभाळून अभ्यास कसा जमवू?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : पैसे भरू नका. निदान या महिन्यात नको, आणि दागिने ठेवून तर नकोच नको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या एजंटचा फोन आला की काय बोलायचं हा प्रश्न सुटला. शिकायचं मात्र सोडू नका. सात वर्षं इंडेंट काढूनही ज्या बाईला पेशंटच्या औषधांबद्दल कुतूहल उरलंय, तिला मी ‘राहू दे’ म्हणणार नाही.

आधी कागदाचं पाहू, कारण आठ लाख जाणार आहेत ते कागदासाठी. आपल्याकडे फार्मसीचं शिक्षण १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली येतं आणि कुठली पदवी मानायची हे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येणार नाहीत अशा अभ्यासक्रमांची एक यादी यूजीसीच्या नियमांत आहे. मेडिकल, डेंटल, नर्सिंगच्या रांगेत तिथे फार्मसीही आहे. म्हणजे या ब्रिटिश मास्टर्समुळे तुमच्या रजिस्ट्रेशनवर एक अक्षरही वाढणार नाही. उद्या एखाद्या फार्मसी कॉलेजात लेक्चरर म्हणून अर्ज केलात, तर एम.फार्म.च्या जागी ही डिग्री चालणार नाही. सरकारी भरतीत तर सोडूनच द्या.

तिकडच्या रजिस्ट्रेशनबद्दल एजंट जे सांगतोय ते खोटं आहे. खोटं नसेल तर अज्ञान आहे, आणि आठ लाखांच्या व्यवहारात दोन्हींत फारसा फरक नाही. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टची नोंदणी जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल करते. भारतातून पदवी घेऊन गेलेल्यांसाठी तिथली वाट ठरलेली आहे : आधी ‘ओस्पॅप’ नावाचा एक वर्षाचा, विद्यापीठात जाऊन करायचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग कौन्सिलची परीक्षा. घरी बसून केलेला क्लिनिकल फार्मसीचा मास्टर्स यातली एकही पायरी गाळू देत नाही. तुम्हाला खरंच तिकडे स्थायिक व्हायचं असेल तर तो वेगळा विषय आहे, वेगळं पत्र लिहा. हे आठ लाख तेव्हा लागतील, आणि पुरणार नाहीत.

मग असले कोर्स नुसते पैसे काढायला असतात का? तसं नाही, त्यातले काही उत्तम आहेत. पण ते कोणासाठी बेतलेले आहेत, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. ब्रिटनमधला हॉस्पिटल फार्मासिस्ट रोज सकाळी वॉर्डात जातो. हातात पेशंटचा ड्रग चार्ट, लॅबचे रिपोर्ट समोर. त्याच्या वरचा एक सीनिअर फार्मासिस्ट त्याने केलेलं काम तपासतो. विद्यापीठ त्याला ऑनलाइन वाचायला देतं आणि म्हणतं, आता तुझ्याच वॉर्डातली एक केस लिही, तू काय सुचवलंस, डॉक्टरांनी काय केलं, पुढे पेशंटचं काय झालं ते सांग. त्याचा ट्यूटर ते वाचून सही करतो. अशा केसेसची फाइल तयार होते आणि मार्क मुख्यतः तिच्यावर मिळतात. कोर्सचा निम्मा भाग विद्यापीठ पुरवतं, निम्मा हॉस्पिटल. तुमच्या हॉस्पिटलात तो दुसरा निम्मा भाग आज आहे का? तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. आठ लाख देऊन तुम्ही अर्धाच कोर्स घ्याल आणि रात्री जागून पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या आजोबांच्या केसेस सोडवाल.

आपल्या कौन्सिललाही हे कळतं. २००८ मध्ये फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा अभ्यासक्रम सुरू करताना तिने कॉलेजांना अट घातली की सोबत निदान ३०० खाटांचं हॉस्पिटल हवं. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस कॉलेजांत फार्मसी प्रॅक्टिसचं एम.फार्म. सुरू झालं ते ऑस्ट्रेलियन फार्मासिस्टांच्या मदतीने, आणि हॉस्पिटलच्या वॉर्डातच.

पेशंट समोर असण्याने नेमका काय फरक पडतो? एक उदाहरण देते, हिशेबासकट. माझी वीसेक वर्षं हॉस्पिटल फार्मसीत गेली आहेत आणि नवीन मुलांना मी सुरुवातीला हेच करायला लावते.

मेडिसिन वॉर्डात ७२ वर्षांच्या एक बाई आहेत. पायाच्या शिरेत गुठळी झालीय. वजन ४५ किलो. केस पेपरवर एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, ०.४ मिलिलिटर (४० मिलिग्रॅम), दिवसातून दोनदा. फार्मसीत इंडेंट येतो : दोन सिरिंज. तुम्ही बॅच बघता, एक्स्पायरी बघता, देता. सगळं बरोबर. किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने ४५ किलोला ४० मिलिग्रॅम म्हणजे डोसही जवळपास ठीक.

आता त्याच बाईंची फाइल उघडा. सकाळच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक, १.४. लॅबने शेजारी छोटा बाण काढलाय, वर जाणारा, पण १.४ कडे कोण बघतंय? ४ असतं तर सगळे धावले असते. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, आणि या बाईंच्या अंगावर स्नायू आहेत कुठे? म्हणून कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं गणित करायचं, किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते (क्लिअरन्स) ते त्यातून कळतं. १४० मधून वय वजा केलं, ६८. त्याला वजनाने गुणलं, ३०६०. ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८, त्याने भागलं, साधारण ३०.४. बाई आहे म्हणून ०.८५ ने गुणलं. उत्तर २६ च्या आसपास. क्लिअरन्स मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेला की गुठळीच्या उपचारातलं एनॉक्सापॅरिन दोनदाऐवजी एकदाच द्यायचं असतं, कारण ते किडनीतून बाहेर पडतं. ते साठत गेलं तर तीन-चार दिवसांत काळं शौच, नाहीतर मांडीत मोठा काळानिळा डाग, आणि मग सगळेच एकमेकांकडे बघतात.

खिडकीत बसून हे दिसणं शक्यच नव्हतं. इंडेंटवर वय नसतं, वजन नसतं, क्रिएटिनिन तर नसतंच. तुमची हुशारी कमी पडली असं नाही, तुमची खुर्ची चुकीच्या जागी आहे. मास्टर्स झाल्यावरही तुम्ही त्याच खुर्चीत बसणार असाल, तर तीच दोन सिरिंजची पट्टी तुम्ही तशीच पुढे सरकवाल. एवढंच होईल की आता तुम्हाला एनॉक्सापॅरिनवर दोन हजार शब्दांचा निबंध लिहिता येईल.

तेव्हा आधी खुर्ची हलवा. याला फी नाही, पण थोडी मुत्सद्देगिरी लागते.

तुमच्या हॉस्पिटलात एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) तयारी चालू असेल, किंवा मानांकन मिळालं असेल तर पुढच्या तपासणीची धास्ती असेल. त्या निकषांत औषधांच्या व्यवस्थापनाचं एक अख्खं प्रकरण आहे : औषधांच्या चुकांची नोंद, हाय-रिस्क औषधांची यादी, सारख्या दिसणाऱ्या-सारख्या वाटणाऱ्या नावांची यादी, प्रिस्क्रिप्शनचं ऑडिट. क्वालिटीवाल्या मॅडम हे काम कोणाच्या गळ्यात घालता येईल ते शोधतच असतात. तुम्ही आपणहून जा. मेडिकल सुपरिटेंडंटना म्हणा, रोज एक तास एका वॉर्डात द्या, ऑडिट मी करून देते. ‘मला क्लिनिकल फार्मासिस्ट व्हायचंय’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. हवं तर २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सची प्रत सोबत ठेवा. पेशंटला औषध समजावणं आणि त्याच्या औषधांची पाहणी करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून त्यात लिहिलेलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पदही आलं. पण ती प्रत पिशवीतच असू द्या. कायदा दाखवून कोणी वॉर्डात घेत नाही. फुकट ऑडिट म्हटलं की लगेच घेतात.

वॉर्ड मेडिसिनचा मागा. आयसीयू नको, तिथे सुरुवातीला काहीच कळत नाही आणि सगळ्यांची घाई असते. पहिले सहा महिने तीनच गोष्टी बघा. पहिली वर सांगितली ती, किडनीनुसार डोस. दुसरी, इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिन ही मंडळी. इन्सुलिनच्या आकड्यापुढे घाईत काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. तुमच्या वॉर्डातल्या चार्टवर आजही तो ‘यू’ असणार, जाऊन बघा.

तिसरी म्हणजे डिस्चार्ज कार्ड. याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या भागात सगळ्यांत जास्त घोळ इथे होतात आणि फार्मासिस्टला सगळ्यांत जास्त वावही इथेच आहे. संधिवाताच्या पेशंटला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. कार्डावर ते बाकीच्या गोळ्यांच्या रांगेत लिहिलं जातं, घरी गेल्यावर सून सकाळच्या डबीत सगळ्या गोळ्या एकत्र भरते, आणि आठवड्याची गोळी रोज पोटात जाते. तोंड येतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. त्यामुळे ‘आठवड्यातून एकदा’ एवढं लिहून भागत नाही, वार लिहायचा : ‘फक्त रविवारी’. दुसरं उदाहरण व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटचं. त्याला रक्त पातळ ठेवणारं एसेनोकुमारॉल चालू असतं, जुलाब झाले म्हणून कोणीतरी मेट्रोनिडाझोल देतं, आणि आठवड्यात आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) कुठल्या कुठे जातो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटाबरोबर घेणाऱ्या बायका तर तुम्हाला रोज पाच भेटतील, त्या दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला बसवून दहा मिनिटं द्या. सिस्टर तुमचे आभार मानतील, त्यांना त्या वेळी बेड रिकामा करायचा असतो.

चूक सापडल्यावर काय करायचं, हा खरा धडा आहे आणि तो कुठलाही कोर्स नीट शिकवत नाही. कन्सल्टंटना राउंडमध्ये, पेशंटसमोर, ज्युनिअरांसमोर काही म्हणायचं नाही. राउंडच्या आधी आरएमओला, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला, गाठायचं. ‘सर, बेड १२ च्या आजी. क्रिएटिनिन १.४, वजन ४५, क्लिअरन्स २६ येतोय. एनॉक्सापॅरिन ओडी (दिवसातून एकदा) करायचं का, जरा कन्सल्टंट मॅडमना विचाराल?’ बस. ‘चूक’ हा शब्द नाही, व्याख्यान नाही, आकडा आणि सुचवणी. आरएमओ ते स्वतःच्या नावावर खपवेल. खपवू द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो स्वतःच फोन करून विचारतो, ‘मॅडम, याचा डोस काय करू?’ डॉक्टर ‘मेडिकलमधल्या मॅडम’ म्हणतात याचं फार मनावर घेऊ नका. मला आमच्या एका सर्जननी कितीतरी वर्षं ‘स्टोअर’ याच नावाने हाक मारली, पण व्हँकोमायसिनचा डोस मात्र विचारूनच लिहायचे.

प्रत्येक सुचवणी एका वहीत उतरवा : तारीख, औषध, अडचण काय होती, काय सुचवलं, मानलं की नाही. पेशंटचं नाव नको, नुसता अनुक्रमांक. एखाद्या औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅमचा एडीआर (औषधाच्या दुष्परिणामाचा) फॉर्म भरा. २०१० पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं. तुमचं हॉस्पिटल त्यांचं केंद्र नसलं तरी फॉर्म पाठवता येतो. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फार्मासिस्टने भरलेला नीटस एडीआर फॉर्म हा फार कमी दिसणारा प्रकार आहे. तुमच्या क्वालिटी मॅडम तो फाइलला लावून मिरवतील.

या सहा महिन्यांत वाचायचं काय? आधी एवढं संपवा. आयसीएमआरची अँटिबायोटिक्सची मार्गदर्शक तत्त्वं, नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया, आणि अमेरिकेतल्या आयएसएमपी या औषध-सुरक्षेच्या संस्थेच्या दोन याद्या : हाय-अलर्ट औषधांची, आणि घोटाळा करणाऱ्या संक्षेपांची. अडलं तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं ड्रग इन्फर्मेशन सेंटर आहे, त्यांना विचारा. आपण दर काही वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे भरतो आणि या केंद्राकडे ढुंकूनही पाहत नाही. वाचायची रीत एकच ठेवा. आज वॉर्डात जे औषध अडलं, तेच आज रात्री वाचायचं. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका, तसं सुरू केलेलं एकही पुस्तक कोणी संपवलेलं मी पाहिलं नाही.

सहा महिन्यांनी तुमच्याकडे ती वही असेल. मग पुढचं ठरवा.

नोकरीतून तीन वर्षं बाजूला होता येत असेल आणि घर चालणार असेल, तर माझ्या मते उत्तम रस्ता बी.फार्म.नंतरच्या फार्म.डी.चा. दोन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. फार्मसी प्रॅक्टिसमधलं एम.फार्म. दोन वर्षांचं, तेही पूर्णवेळ. पण चार वर्षांची मुलगी आणि चालू पगार सोडून हे आत्ता जमेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. मुलगी दुसरी-तिसरीत गेल्यावर पुन्हा विचार करा. तेव्हा तुम्ही ३६-३७ च्या असाल, आणि वर्गातल्या बाविशीच्या मुलांपेक्षा तुम्हाला चार्ट जास्त कळत असेल.

नोकरी सोडायचीच नसेल तर दोन पर्याय. एक, अमेरिकेच्या बोर्ड ऑफ फार्मसी स्पेशालिटीजची बीसीपीएस (औषधोपचारातल्या तज्ज्ञ फार्मासिस्टची) ही परीक्षा. हे मंडळ १९७६ पासून आहे, आणि दुसऱ्या देशात नोंदणी असलेल्या फार्मासिस्टलाही परीक्षेला बसता येतं. ही डिग्री नव्हे, प्रमाणपत्र आहे, दर सात वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं. भारतात पगार लगेच वाढेल असं नाही, आखातातल्या हॉस्पिटलांत मात्र या चार अक्षरांना वजन आहे. तयारी पूर्णपणे घरून करता येते. संख्याशास्त्राचा भाग बराच असतो, त्याला घाबरू नका पण शेवटावरही ठेवू नका. यातली अट वाचा मात्र : रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) केलेली नसेल तर तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि त्यातला निदान निम्मा वेळ औषधोपचाराच्या क्लिनिकल कामात गेलेला असावा. तुमची इंडेंट काढण्यातली सात वर्षं त्यात धरता येणार नाहीत. म्हणजे इथेही फिरून वॉर्डच.

दुसरा पर्याय तुम्हाला सापडलेल्या कोर्सचा, पण छोटा. ब्रिटिश मास्टर्स १८० क्रेडिटचा असतो, पीजी डिप्लोमा १२० चा आणि पीजी सर्टिफिकेट ६० चं. बऱ्याच विद्यापीठांत सर्टिफिकेटवर थांबता येतं आणि हवं तर पुढे जाता येतं. तुमची फी मग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्या पैशाला दागिने लागत नाहीत, थोडी कळ काढली तर बचतीतून जमतं. ज्ञान म्हणून घ्या, कागद म्हणून नको.

पैशांइतकाच वेळाचा हिशेब करा, तो कोणी सांगत नाही. तिकडे एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात. ६० क्रेडिट म्हणजे ६०० तास. वर्षाला वाटले तर आठवड्याला साडेअकरा. पण तुमची तीन शिफ्टची पाळी आहे. नाइटच्या आठवड्यात अभ्यास होत नाही. होतो असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी पान आठवत नाही. वर्षातले एक तृतीयांश आठवडे असे गेले, तर उरलेल्या प्रत्येक आठवड्यात सतरा-साडेसतरा तास काढावे लागतील. मास्टर्सला हेच तीन वर्षं, सलग. त्यात तिथल्या संध्याकाळी सहाचं वेबिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला लागतं. सेकंड शिफ्ट सुटून तुम्ही घरी पोचता त्याच सुमाराला.

म्हणून वार लावून वेळापत्रक करू नका, शिफ्टवर करा. सेकंड शिफ्टचा आठवडा तुमचा सोन्याचा : मुलगी बालवाडीत, डोकं ताजं, सकाळी नऊ ते बारा. लिखाण त्यातच करायचं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी तासभर वाचन, त्याहून जास्त धरू नका. नाइटला फक्त झोप. आणि कोर्स घेण्याआधी इन्चार्जशी बोलून बघा, दिवाळी-गणपतीच्या ड्यूट्या मी घेते, सहा महिने मला नाइट कमी लावा. सणाच्या ड्यूटीला फार मोठा भाव असतो, तो कधीतरी वसूल करावा.

एक सावधगिरी. केस लिहिण्यासाठी चार्टचे मोबाइलवर फोटो काढू नका. पेशंटचं नाव आणि यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला पेशंटचा) नंबर असलेला कागद परदेशी सर्व्हरवर चढला आणि उद्या कोणी तक्रार केली, तर नोकरी जाईल. हॉस्पिटलची लेखी परवानगी घ्या, ओळख पटेल असं सगळं काढा. ऑडिटवर प्रोजेक्ट करायचा असेल तर एथिक्स कमिटीकडे आधी जा.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न वयाचा नसावा. तुम्ही अभ्यासाला बसलात की नातीला कोण बघणार, हा असावा. सेकंड शिफ्टच्या सकाळचे तीन तास तुम्ही त्यांच्याकडे मागणारच नाही आहात, ती बालवाडीत असेल. हे त्यांना आधी सांगा. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची डबी एकदा तुम्हीच भरून द्या, आणि भरताना वर सांगितलेल्या नजरेने बघा. घरातही एखादी सुचवणी वहीत लिहिण्यासारखी निघेल.

आता एजंटचं. त्याला फोनवर काही विचारू नका. विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल करा, तुमच्याच शब्दांत. भारतात काम करणाऱ्या, ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या फार्मासिस्टला प्रवेश आहे का? कामाच्या ठिकाणी ट्यूटर हवा असेल तर तो कोण चालेल, आमचे फिजिशियन चालतील का? फक्त ६० क्रेडिट घेऊन थांबता येईल का, आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील? उत्तरं लेखी घ्या. बहुतेक विद्यापीठं आठवड्याभरात उत्तर देतात. महिनाअखेरीची ती सवलत जाऊ द्या, पुढच्या बॅचलाही असेल. एजंटचा फोन ब्लॉक करायला हरकत नाही.